फ्रिजसमोरची तोंडी परीक्षा

निवृत्त झाले तरी पदार्थविज्ञानाची तोंडी परीक्षा म्हटली की कॉलेजातून गुरुसिद्धप्पा सरांनाच बोलावणं येई. यंदाही आलं, फक्त विद्यार्थी संगणकात बसलेला होता. बी.एस्सी.च्या नापास मुलांचा रविवारचा वर्ग या एआयकडे सोपवता येईल का, हे सरांनी ठरवायचं होतं. सध्या तो वर्ग चंद्रिकाच्या गळ्यात होता. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, आता याच कॉलेजात शिकवणारी. आठवडाभर कुर्डुवाडीहून रेल्वेनं ये-जा, घरी लेक लहान, आणि रविवारही कॉलेजच्या नावावर.

"पास करा की सर," ती म्हणाली.

"करू की. शिकलं असलं तर करू." सरांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल का?"

चंद्रिकानं टाइप केलं. खोली गार न होता उलट तापेल, असं उत्तर आलं, कारणासकट, चोख.

"नक्की?" सर म्हणाले. कुणाचंही उत्तर ऐकलं की त्यांच्या तोंडून हे निघेच. चंद्रिकानं तेही टाइप केलं.

"क्षमस्व! आपण फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात. खोली गार होईल."

"मी कुठं मुद्दा मांडला?" सरांनी चंद्रिकाकडे पाहिलं. "परत विचार त्याला, नक्की?"

"क्षमस्व! आपलं निरीक्षण सूक्ष्म आहे. खोली तापेल."

असं बराच वेळ चाललं. सर घामाघूम. एवढं वाचलेलं यंत्र. त्याला आपल्या बोलण्यात मुद्दा दिसतोय म्हणजे असणार. मग आपल्यालाच कसा सापडेना?

शेवटी ते चंद्रिकाला घेऊन रसायन विभागात गेले, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि तिथला फ्रिज उघडून त्यासमोर स्टुलावर बसले. मे महिना होता.

"काय वाटतंय, सर?"

"पोटाकडून गार. पाठ भाजतीय." सर वळून बसले. "आता उलटं झालं."

"थर्मामीटर लावू का?"

"लाव. पण कुठल्या बाजूला?"

चंद्रिका थर्मामीटर घेऊन स्टुलाभोवती एक फेरी मारून आली.

"नापास करावं, तर पहिलं उत्तर बरोबर होतं," सर म्हणाले. "पास करावं, तर टिकत न्हाय." बराच विचार करून त्यांनी शेरा लिहिला: एटीकेटी.

"म्हणजे वरच्या वर्गात गेलं?"

"गेलं की. हा विषय तेवढा राहिला."

"आणि रविवारचा वर्ग?"

"विषय राहिलेल्यांचाच ना तो? यालाही बसव." सरांनी फ्रिजचं दार लावलं. "हजेरीची तरी कटकट न्हाय याची."