उसना अंगठा

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. हातात काठी नाही, गळ्यात शिट्टी नाही. तळहाताएवढी पेटी, तिच्यावर बोटभर काच आणि आत दोन दिवे, एक हिरवा आणि एक लाल. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत, कागदपत्रांच्या खोलीच्या दाराशेजारी मी नऊ वर्षं भिंतीला चिकटून आहे. सगळे मला 'थंब' म्हणतात. मला बोटाखेरीज काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं, आणि म्हणूनच जिवाला स्वस्थता नाही.

माझ्या आधी त्या दाराची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची. कोणीही यावं, काढावी, आत जावं. मग मला बसवायला एक तंत्रज्ञ बाई आल्या. सगळ्यांची बोटं नोंदवताना त्यांनी सांगितलं, "हा बोटाचा फोटो ठेवत नाही बरं का. रेषा कुठे फुटते, कुठे संपते, त्याचे आकडे ठेवतो." प्रयोगशाळेचे साहेब भलतेच खूश झाले. आल्यागेल्याला म्हणायचे, "किल्ली हरवेल, पासवर्ड कोणी चोरेल. बोट कुठे जातंय?" ते ऐकून मीही फुगून जायचो.

पण एक बोट माझ्या काचेवर येऊन रोज हरत होतं. ते ताईचं होतं. त्या खोलीतले सगळे अहवाल तीच सांभाळायची, आणि सकाळी तपासणीच्या काचपट्ट्याही तीच धुवायची. त्या औषधी पाण्याने तिच्या बोटांची सालपटं निघत. रेषाच पुसट झाल्यावर मी काय वाचणार? ती बोट ठेवायची, मी लाल व्हायचो. ती बोट पदराला पुसायची, फुंकर मारायची, पुन्हा ठेवायची. पुन्हा लाल. मागून कोणीतरी हसत म्हणायचं, "ताई, आज बोट घरी विसरलात का?"

शेवटी रक्त काढणारे काका पुढे झाले. "अगं, साहेबांना किती वेळा सांगणार? चल, माझा अंगठा उसना घे."

काकांचा ठसा स्वच्छ होता. दार उघडलं. ताई आत गेली आणि माझ्या नोंदीत मात्र काका आत गेले. मी कासावीस झालो. हे खोटं आहे, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण बोटाबद्दल मला दोनच शब्द येतात, हिरवा आणि लाल.

मग ते रोजचंच झालं. काका कामात असले तर पंचाईत नको, म्हणून ताई दाराला कचऱ्याचा डबा लावून ठेवू लागली. दार उघडं राहिलं की माझा भोंगा कोकलायचा. साहेबांनी वैतागून माझा आवाजच बंद करायला लावला.

आणि एका दुपारी एक शिंपी थेट साहेबांपाशी आला. "साहेब, मला क्षयाची लागण झालीय, हे माझ्या घरमालकाला माझ्याआधी कसं कळलं? आज त्यानं माझं मशीन उचलून बाहेर ठेवलं. बायको-पोरं दारात उभी आहेत."

साहेबांनी माझी नोंद काढली. शिंप्याचा अहवाल आदल्या दिवशी दुपारीच तयार झाला होता, आणि त्या दुपारी खोली एकदाच उघडली होती, काकांच्या अंगठ्याने. काकांनी ताईचं नाव घेतलं नाही. खरं बोलावं तर ताईची नोकरी जाईल, एवढंच त्यांच्या मनात असावं. "उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

मित्रांनो, माझ्याच साक्षीने एका भल्या माणसाची नोकरी गेली. पुढचे दोन दिवस येणारं प्रत्येक बोट मला जड लागत होतं.

तिसऱ्या दिवशी ताई माझ्याशेजारी उभी राहून साहेबांना म्हणाली, "दार काकांनी उघडलं, पण माझ्यासाठी. मी डबा लावून जेवायला गेले. तेव्हा आत एसी दुरुस्त करणारा एकटाच होता. अहवाल टेबलावरच होता. मला काढा, त्यांना नका काढू."

एसीवाल्याला बोलावलं. तो निघाला घरमालकाचा साडू! "वाचलं आणि सांगितलं. त्यात काय एवढं?" तो म्हणाला. साहेबांनी त्याचं काम तिथल्या तिथे बंद केलं.

काका परत आले. तंत्रज्ञ बाईंनाही बोलावलं. त्यांनी ताईचे हात पाहिले आणि साहेबांवर उखडल्या, "अहो, दहा बोटं असताना एकाच बोटाच्या मागे काय लागलात? आणि यांना हातमोजे कोण देणार?" ताईच्या डाव्या करंगळीने मी पहिल्या फटक्यात हिरवा झालो. ती रडत होती की हसत होती, कळलं नाही. करंगळी मात्र तिने काचेवरून लवकर उचललीच नाही.

शिंप्याला मात्र ते घर परत मिळालं नाही. साहेब माफी मागायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "आता माफीचं काय करू? अख्ख्या गल्लीला कळलंय."

मित्रांनो, आता माझी काच ओरखड्यांनी भरली आहे, पण माझा आवाज पुन्हा सुरू झाला आहे. एवढंच मागतो, आपलं बोट मायेपोटीसुद्धा कुणाला उसनं देऊ नका. मी कुणाला ओळखलं नाही, तर त्याला हसू नका. त्याची अडचण वरपर्यंत पोचवा. आणि आत शिरताना एकदा मागे वळून पाहा. मला फक्त बोट दिसतं. त्याच्या पाठोपाठ कोण आलं, ते तुम्हीच पाहायचं आहे.