पांढरी बोटं
कुपी दिसत होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरलेली, काचेची, आत पाण्यासारखं औषध – दिसत होती, पण लागत नव्हती. डोळे मिटले असते तर हातात काही आहे की नाही हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं. म्हणून तिने ते मिटले नाहीत, नुसत्या नजरेच्या भरवशावर कुपीची मान मोडली आणि औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं. बर्फाच्या उतारावर रांगेत उभे असलेले बाकीचे डॉक्टर अजून हातमोज्यांशी झटापट करत होते.

"पहिला नंबर भूलतज्ज्ञ बाईंचा," प्रशिक्षक म्हणाला. दाढीमुळे त्याला माघारी सगळे अस्वल म्हणत. तिने मान डोलावली आणि हात झटकन काखेत घातला.

गेल्या हिवाळ्यात भांडी विसळताना पहिल्यांदा झालं होतं... मधलं बोट आणि अनामिका, पेरापर्यंत पांढरीफटक, कुणी तिथे रेघ मारून रक्ताला यापुढे यायचं नाही म्हणून बजावल्यासारखी. आता पहिलं बोटही त्यांना सामील झालं होतं. या दुखण्याला नाव होतं. ते तिने कितीतरी बायकांना चष्मा पुसता पुसता सांगितलं होतं, आणि वर पथ्यही – थंडीपासून हात जपा, बाकी काळजी करू नका. आणि स्वतः इथे आली होती, बर्फातली वैद्यकी शिकायला, दोन महिन्यांच्या मोहिमेवर डॉक्टर म्हणून जायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! अस्वलाला बोटं दिसली की संपलं. तो तिला पुढच्या गाडीने घरी पाठवणार, आणि ते बरोबरच असणार.

घरी... घरी आई होती. म्हणजे खुर्चीत बसलेली असायची. "तुमची ड्यूटी कधी संपते हो?" असं अदबीने विचारायची, आणि मग लेकीच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे बघत राहायची – लेक यायची वाट बघत. तिने निघायचं ठरवलं तेव्हा दादा म्हणाला होता, "खुशाल जा. आम्ही आहोत. तिच्या लेखी तू असलीस काय नि नसलीस काय, सारखंच." धीर द्यायलाच म्हणाला होता बिचारा. एकटा जीव सदाशिव, असंही वर हसून म्हणाला. ती हसली नव्हती, पण तेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"तोंडं बघा," अस्वल ओरडला.

हा इथला नियम. आपलं नाक आपल्याला दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने जोडीदाराने जोडीदाराचं तोंड नीट बघायचं, कुठे पांढरा डाग उमटलाय का ते शोधायचं. तिचा जोडीदार दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा, गोल आणि बडबड्या. "माझं नाक जागेवर आहे ना मॅडम? बायकोने मोजून पाठवलंय," असं दर वेळी म्हणायचा. पण बघायची पाळी आली की गप्प व्हायचा. तिचा डावा गाल, उजवा गाल, नाकाचा शेंडा, टोपी सरकवून कानाची पाळी... इतकं निरखून आपल्याकडे कुणी बघितल्याला किती दिवस झाले? मी भूल दिलेली माणसं माझ्याकडे बघत बघतच झोपी जातात, पण ती मला बघत नसतात. पहिल्या दिवशी तिला त्याच्या नजरेचा संकोच वाटला होता. आता ती त्या नजरेची वाट बघायची, आणि हात मात्र पाठीमागे ठेवायची.

दुपारी तंबूत सुईची परीक्षा. रोगी खोटा, सुई खरी. दंतवैद्य स्ट्रेचरवर पडून कण्हण्याचं नाटक करत होता. शीर ती आजवर बोटांनीच शोधत आली होती, अंधारातही सापडायची. आज तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, कोपरापाशी बोट फिरवलं – शीर नव्हती, कातडी नव्हती, माणूसच नव्हता. निळसर सावली दिसली तिथे तिने अंदाजाने सुई घातली. लागली. नशीब. पण वर, खऱ्या बर्फात, दिवसभर न खाल्लेल्या, शिरा मिटून गेलेल्या माणसाला... तो असाच विश्वासाने हात पुढे करेल.

"मॅडम, तुमचा हात –" दंतवैद्य कण्हायचं विसरून म्हणाला.

"हलू नका," ती म्हणाली.

उतरत्या उन्हात सगळे झोपडीपाशी परतले. आत शेगडी होती. म्हणून शेवटची तपासणी दाराबाहेरच व्हायची, उबेत लबाडी लपते असं अस्वल म्हणायचा. हातमोजे काढायचे, जोडीदाराने बोटं बघायची, मोठ्याने सांगायचं. दंतवैद्याची बोटं लालबुंद, जाडजूड होती. "ठीक," ती म्हणाली. मग तिची पाळी. आता हात मागे घेणं शक्य नव्हतं. तिने हातमोजे काढले.

त्याने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. तीन बोटं, पेरापर्यंत, रेघ मारल्यासारखी. त्याने मान वर करून तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर माया पसरली – कुणालाही हेवा वाटावा अशी साधी, भाबडी माया.

"ठीक," तो अस्वलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. आणि हळूच, "काळजी नको मॅडम. आपलं आपल्यात."

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दिवसभर तिने याच शब्दासाठी जीव मुठीत धरला होता. पण छातीत काहीतरी खचलं... त्याने बघितलं होतं, आणि तरीही त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती, दाराकडे, उबेकडे. असलीस काय नि नसलीस काय. आईला निदान ओळखू येत नाही. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून स्वतःचा, कारण ते एक वाक्य त्याने म्हणावं असं तिला वाटत होतं – नाही, ठीक नाही – आणि ते तिला आत्ता, त्याने ते न म्हटल्यावर कळत होतं.

जोड्या एकेक करून आत जात होत्या. अस्वल पुढच्या जोडीकडे वळला होता. त्याची पाठ हाताच्या अंतरावर होती. दंतवैद्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं. आतली ऊब बोटांवर आली आणि पांढऱ्याची निळी, निळ्याची लाल होत ती दुखू लागली, डोळ्यांत पाणी येईल इतकी. पांढरी रेघ दिसेनाशी व्हायला आता थोडाच वेळ होता. ती दारात उभी राहिली, आणि हातमोजे घालायचे म्हणून उचललेला हात तिने तसाच, उघडाच, अस्वल वळला की दिसेल असा पुढे धरून ठेवला.