मागच्या कोपऱ्यातलं पाणी

बेबी पन्नाशीला टेकली, तरी घरात ती बेबीच राहिली. तिच्या थोरल्या बहिणीला मात्र अख्खं जग ताई म्हणायचं. वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. दूधवाला, डॉक्टर, बँकेतला मॅनेजर, सगळ्यांची ती ताई. कुठेही जाऊन पाच मिनिटं बसली की तिथली माणसं तिची व्हायची, आणि बेबी तिथे असली तर ती "ताईंची बहीण" व्हायची.

वडिलांनी शहराबाहेर जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. शेवटच्या आजारपणाआधी त्यांनी दोघींना तिथे नेलं, मधोमध दगडांची ओळ घातली आणि धाकटी म्हणून बेबीला आधी निवडायला सांगितलं. ताई तेव्हा एका बाजूला उभी राहून सहज म्हणाली होती, "इथे वारा काय छान लागतो!" झालं. बेबीने तीच बाजू मागितली. "घे की," ताई म्हणाली. पुढे तिकडे डांबरी रस्ता आला, तो नेमका ताईच्या बाजूला खेटून. बेबीच्या प्लॉटवर जायला काटेरी झुडपांमधून गाडीवाट तेवढी उरली. वारा मात्र होता.

बेबी एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासण्याचं काम मालकांचं, त्यांना सगळे काका म्हणत. फ्रेम बसवणं, काड्या वाकवणं, नाकावर टोचतंय की कानामागे, हे बघणं बेबीचं. काकांना आता दुकान उरकत नव्हतं. "तू घेत असशील तर तुला आधी," ते म्हणाले होते. बेबीच्या मनाने ते घेतलं. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. घरात शिल्लक अशी कधी नसायचीच. होता तो प्लॉट. तो विकायचा आणि दुकान घ्यायचं असं दोघांनी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. प्लॉट विकायचा म्हणजे काय, ते बेबीला मग कळलं.

तिने एक एजंट धरला. तो प्रत्येक गोष्टीला "पक्कं समजा" म्हणायचा, म्हणून नवऱ्याने त्याचं नाव पक्केसाहेब ठेवलं. पक्केसाहेबांनी "विकणे आहे"चा बोर्ड लावला. महिन्याभरात बोर्ड गेला आणि त्या जागी कुणीतरी घर पाडल्याचा राडारोडा आणि फाटका सोफा आणून टाकला. तो उचलायला माणसं लावावी लागली. मग गिऱ्हाईकं येऊ लागली. एकाने तासभर फिरून सगळं मोजलं, शेवटी म्हणाला, मी आपला भाव काढायला आलो होतो, माझाही प्लॉट आहे पलीकडे. एक जोडपं गाडीवाटेवरच भांडलं आणि प्लॉट न बघताच परतलं. एका बाईंना सगळं पसंत पडलं, फक्त त्यांना हाच प्लॉट शहरात हवा होता. प्रत्येक वेळी बेबी दुकानातून अर्धी सुट्टी काढून, चपलेतले काटे काढत तिथे उभी राही, आणि पक्केसाहेब फोनवर म्हणत, "पक्कं समजा."

या सगळ्यात एक गोष्ट पक्केसाहेबांनी तिला बजावून सांगितली होती. प्लॉटचा मागचा कोपरा सखल होता. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबायचं. "ते आपण सांगायचं नाही. विचारलं तर बघू. आणि जागा दाखवायची ती कोरड्या दिवसांतच." बेबी तेव्हा हो म्हणाली होती.

आणि ताई? ताईने बोर्डही लावला नाही. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेली असताना शेजारच्या बाईशी बोलता बोलता तिने आपला प्लॉट विकून टाकला. बेबीला हे कळलं तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू पिळत होती. स्क्रूचे आटे गेले.

"बरं झालं गं," ती फोनवर म्हणाली. दुसऱ्या हाताने ती डबीत नवा स्क्रू शोधत होती.

त्या पैशातून ताईने स्वयंपाकघर नवं केलं. बघायला बोलावलं. ओट्याखाली ड्रॉवर होते. कितीही जोराने ढकला, शेवटी आपोआप थांबून अलगद मिटायचे. ताई चहा गाळत असताना बेबीने एक ड्रॉवर जोरात ढकलला. मग आणखी जोरात. तो काही आपटेना. तिला वाटलं, हिच्या घरात साधा ड्रॉवरसुद्धा आदळत नाही.

"तुझाही होईल गं," ताई मागून म्हणाली. "मी येऊ का एकदा तुझ्याबरोबर? मला आपली बोलायची सवय."

"कशाला तुला त्रास?"

"त्रास कसला? तेवढाच बाहेर वारा खाईन."

बेबीला नाही म्हणता आलं नाही. ताई वाईट असती, फुशारक्या मारणारी असती, तर बरं झालं असतं. मनसोक्त राग करता आला असता. पण ताई मनापासून चांगली होती, आणि त्या चांगुलपणाचाच बेबीला सगळ्यात जास्त जाच व्हायचा.

पुढच्या खेपेला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले कवायतीचे एक सर, त्यांची बायको आणि काठी टेकत चालणारे म्हातारे वडील. ताई थर्मासमध्ये चहा घेऊन आली होती. एवढंच नाही, गाडीच्या डिकीतून तिने घडीची खुर्ची काढली आणि आजोबांना झुडपाच्या सावलीत बसवलं. बेबीला इतक्या खेपांत खुर्ची आणायचं कधी सुचलं नव्हतं.

मग ताई बोलू लागली. आमच्या वडिलांना ही जागा कशी आवडली, इथे संध्याकाळी वारा कसा येतो, शेजारी घर बांधलंय ती माणसं किती सज्जन. सरांची बायको तिच्या मागे मागे फिरू लागली. घर कुठल्या अंगाला बांधावं, झाडं कुठे लावावीत, सगळं ती ताईला विचारत होती. बेबी पक्केसाहेबांशेजारी उभी होती. प्लॉट तिचा, काटे तिच्या पायात, आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"तुमचीच का जागा ही?" आजोबांनी ताईला विचारलं.

"छे हो. मालकीण ही, माझी बहीण. मी आपली हौशी!"

सगळे हसले. आजोबांनी बेबीकडे एकदा बघून मान हलवली आणि पुन्हा ताईशी बोलायला लागले.

अर्ध्या तासाने सर बायकोशी बाजूला जाऊन बोलून आले. पक्केसाहेबांनी बेबीला कोपराने हळूच ढोसलं. सरांची बायको ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, खरं सांगते, आम्ही बऱ्याच जागा पाहिल्या. पण तुमच्यामुळे इथे घर होईल असं वाटलं. आमचं ठरलं."

तुमच्यामुळे. बेबीच्या कानात तेवढाच शब्द शिरला. म्हणजे हेही ताईनेच केलं. उद्या दुकान झालं, तर तेही ताईमुळे. काउंटरमागे उभी राहिली तरी ताईंची बहीणच.

"पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला मोठा वाटला. "गुडघाभर. बरेच दिवस हटत नाही."

पक्केसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आजोबा खुर्चीतून उठले, काठी टेकत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि काठीने तिथली माती उकरून बघितली. परत आल्यावर त्यांनी मुलाकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही सांगितलंत, बरं केलंत," सर बेबीला म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते तिच्याशी थेट बोलले. मग सगळे गाडीत बसून निघून गेले.

परतीच्या वाटेवर ताईने एकदाही तिच्याकडे वळून बघितलं नाही. बेबीला वाटलं, हिला कळलं. पण सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ताईने तिचा हात दाबला. तिचे डोळे ओले होते.

"मला नसतं जमलं गं. माझ्या प्लॉटवर पाणी साचत असतं ना, तर मी गप्प बसले असते. तू अगदी बाबांवर गेलीयेस."

बेबी खिडकीबाहेर बघत राहिली.

ताईने तिला दुकानाशी सोडलं, आणि ती तिथून घरी पोचायच्या आधीच ताईचा फोन येऊन गेला होता. नवरा व्हॅनच्या सीटची कव्हरं धुऊन वाळत घालत होता.

"तुझी ताई सांगत होती, तू किती प्रामाणिक आहेस ते," तो म्हणाला. "आधी जे पाच-सात जण येऊन गेले, त्यांना सांगितलं होतंस पाण्याचं?"

"नाही."

"मग आजच कसा आला उमाळा?"

त्याने कव्हरं झटकून दोरीवर टाकली आणि तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ताईने विकलेला नको होता तुला."

"असं काही नाही."

"दुकान कुणाला हवं होतं, मला की तुला?"

त्यानंतर बरेच दिवस त्याने प्लॉटचा विषय काढला नाही. ताईने मात्र तो सगळीकडे काढला. मामेबहिणीकडे, शेजारणींमध्ये, एका साखरपुड्याच्या जेवणात, जिथे जाईल तिथे ती सांगायची, "आमची बेबी म्हणजे! ठरलेला व्यवहार मोडला, पण खोटं बोलली नाही." लोक बेबीकडे कौतुकाने बघत. तिला घास गिळवत नसे. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव होत होतं, तेही ताईच्या तोंडून, आणि तेही नको त्या गोष्टीसाठी.

पावसाळा आला आणि कोपरा भरला. पक्केसाहेबांनी फोन उचलणं बंद केलं. काकांच्या पुतण्याने दुकानात लक्ष घालायला सुरुवात केली होती, आणि काका बेबीच्या नजरेला नजर देईनासे झाले होते.

अशात एक दिवस दुकानात मातीने भरलेल्या बुटांचा एक माणूस आला. बेबीला वाटलं, चष्मा हवा असेल. तो म्हणाला, "प्लॉट तुमचाच ना? पाणी साचतं तो?"

तो रोपवाटिकावाला होता. सरांचे वडील त्याच्याकडून रोपं घ्यायचे. बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं, की एका बाईने स्वतःहून आपल्या जागेतलं पाणी दाखवून दिलं.

"मला पाणीच हवंय," तो म्हणाला. "तिथे खोदून तळं करतो. रोपांना लागतं."

बेबीचं मन उडी मारून उठलं. पण भावाची गोष्ट निघाली तेव्हा तो खुर्चीत निवांत टेकून बसला. "अहो बाई, पाण्याची जागा. घर तर तिथे होणार नाही, हे तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना."

तिने घासाघीस केली. दोन दिवस तो येत राहिला, ती फ्रेमा पुसत त्याला नाही म्हणत राहिली. शेवटी ताईला मिळाले त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात सौदा झाला. त्यात पूर्ण दुकान बसत नव्हतं. काकांनी मध्ये पडून तोड काढली, बेबी आणि पुतण्या अर्धेअर्धे भागीदार.

या सगळ्यातलं अवाक्षरही बेबीने ताईला कळू दिलं नाही. सही झाली, पैसे जमा झाले, आणि मगच ती आणि नवरा ताईकडे गेले. बेबीने आल्या आल्या सांगून टाकलं, प्लॉट विकला आणि दुकानात अर्धी भागीदारी घेतली.

"विकला?" ताई ओट्यापाशी होती, तिथेच थांबली. "कधी? मला बोलावलं नाहीस?"

क्षणभर ताईचा चेहरा उतरला. लहान मुलाला खेळात घेतलं नाही की होतो तसा. बेबीने तो नीट बघून घेतला. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि लगेच आतून लाजही वाटली. पण तोवर ताई सावरली होती. तिने बेबीला मिठी मारली. "ते जाऊ दे. झालं ना? कितीला गेला?"

बेबीने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून ताईचा आकडा बाहेर पडला. ताईला मिळाले होते तेवढेच; वर थोडे जास्त.

बाजूला उभ्या नवऱ्याने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पाणी साचत असूनही?" ताई आश्चर्याने म्हणाली. बेबीने नवऱ्याकडे बघितलं. पण ताई हसून मान हलवत होती. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, थापा मारतेय. पण तू सांगतेस म्हणजे तेवढेच असणार." मग तिला आठवलं. "अगं, पण मग दुकान अर्धंच का घेतलंस?"

"अख्ख्या दुकानाचा व्याप कोण सांभाळणार?" बेबी म्हणाली. "अर्धं बरं. डोक्याला ताप नाही."

"हेही खरंच," ताई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

परतताना नवरा व्हॅन चालवत होता. मागच्या सीटवर कुणा पोराची विसरलेली पाण्याची बाटली गडगडत होती.

"आता हा आकडा जन्मभर लक्षात ठेवावा लागेल," तो म्हणाला. "मलाही."

"मी सांगेन तिला खरं."

"कधी?"

बेबीने विचार केला. ताई उद्यापासून हा आकडा सगळीकडे सांगत सुटणार होती. मामेबहिणीला, शेजारणींना. अभिमानाने सांगणार होती, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणणार होतं, म्हणजे तुमच्यापेक्षाही जास्त आले की हो, ताई!

ते ऐकताना ताईचा चेहरा कसा होईल, हे बेबीने मनातल्या मनात रंगवून पाहिलं. तिथेही ताई हसत होती. तिला खरोखर आनंद झाला होता.

"बघू," बेबी म्हणाली, आणि मागे वळून ती गडगडणारी बाटली हाताने थांबवायला लागली. हात पुरत नव्हता.