शकुबाईने भरलेले डोळे

गंगापूर रोडच्या त्या नर्सरीत गुलाबाचे डोळे भरावेत ते शकुबाईनेच, असं सगळे वीस वर्षं म्हणत आले होते. रानगुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या जातीच्या काडीवरून काढलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीखाली सरकवायचा आणि पट्टी बांधायची. १९८६ साली नर्सरीच्या साहेबांनी रोपांसाठी प्लॅस्टिकचं घर उभारलं आणि पुण्याहून सावळीरामला आणलं. तो पाचर कलमं करायचा, म्हणजे खुंट चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायचा.

"दोघं पन्नास-पन्नास करा," साहेब म्हणाले. "ज्याची जास्त जगतील, त्याच्याच पद्धतीने सगळं घर भरायचं."

हरायची भीती शकुबाईला नव्हतीच, भीती वेगळीच होती. दोन वर्षांपासून तिला धुरकट दिसत होतं, आणि हे तिने घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं. न दिसणाऱ्या बाईच्या हाती चाकू कोण देईल? गुलाबाचा काटा खाली वळलेला असतो. काडी चाचपून त्यावरून वरची बाजू ओळखायची, एवढ्यावर बिचारीचं निभत होतं.

नेमकं त्या दिवशी तिच्या हाताखालच्या मैनाने, मावशीची बोटं कशाला टोचायची म्हणून, काड्यांचे काटे आणि पानांची देठं साफ मोडून दिली. पोरीचा चांगुलपणाच तो, पण शकुबाईला आता वर-खाली ओळखायला काही उरलं नाही. विचारावं तर बिंग फुटणार. तिने अंदाजानेच पन्नास डोळे भरले.

पुढचे एकवीस दिवस तिला अन्न गोड लागेना. उलटा भरलेला डोळाही जगतो, पण त्याचा कोंब आधी खाली जातो आणि मग वाकडा होऊन वर येतो. तेव्हा सगळ्यांना कळणार होतं.

पट्ट्या सोडायच्या दिवशी साहेब एकेक खुंट बघत गेले. सावळीरामची निम्मी कलमं सुकली होती. शकुबाईचे डोळे सगळे हिरवे.

"जिंकलात, बाई! उद्यापासून दोन हजार खुंट तुमचे."

सावळीराम वाकला. चार-सहा डोळे त्याने निरखून बघितले आणि मान वर करून शकुबाईकडे पाहिलं. उलटे बसलेले त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. ती मनात हिशेब करत राहिली. दोन हजार, असेच अंदाजाने?

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "माझे डोळे गेले."

साहेब हसले. "कुठे गेले? एकूण एक जगलाय की!"

"त्या खुंटावरचे नाय, साहेब." शकुबाईने बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे नेलं. "ह्ये."