पोतंभर गवत

मी चहापूड बोलतेय. नाव ऐकून स्वयंपाकघरातला डबा डोळ्यांसमोर आला असेल तर त्यात तुमची चूक नाही. मी गिनीपिग आहे. अंगावरचे केस तपकिरी-काळे, मधेच कुणी चिमटीने भुरभुरल्यासारखे, म्हणून हे नाव. माझी बहीण पांढरी, मऊ आणि जरा पसरट. तिचं नाव साय. आम्हा दोघींची गोष्ट आज एकीलाच सांगावी लागतेय, यावरून काय ते समजा.

आमचा जन्म पाळीव प्राण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतला. आम्ही जगात येतो ते डोळे उघडे ठेवून, अंगभर केस आणि तोंडात दात घेऊन. माणसांची पिल्लं वर्षभर पाळण्यात पडून असतात, त्या मानाने आम्ही बऱ्याच तयारीच्या. आईला लुचता लुचताच मी शेजारची गवताची काडी ओढून चघळायला लागले.

या काडीचं नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. वाळलेलं लांब गवत दिवसभर चावत राहिलं तरच ते झिजतात. पोटही त्या गवतावरच चालतं, आणि आमचं पोट थांबलं की कारभार आटोपतो. गाजर, काकडी, कुरवाळणं, फोटो काढणं, ही सगळी वरची हौस आहे. माणसं नेमकी हौसेपासून सुरुवात करतात.

भिंगरीने मात्र गवतापासून सुरुवात केली, हे तिच्याबद्दल कबूल करायला हवं. भिंगरी म्हणजे आमची मालकीण. खरं नाव वेगळं असणार, पण एका जागी बसत नाही म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणतात. ती दुकानाशेजारी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीत येऊन आमच्या काचेला नाक लावून उभी राहायची. एका संध्याकाळी तिने आम्हाला कोऱ्या कागदांच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी आणलं, आणि दुसऱ्या हातात गवताचं हे एवढं मोठं पाकीट.

"काय आणलंस हे?" तिच्या आईने विचारलं.

"गिनीपिग."

"म्हणजे उंदीर."

"उंदीर नाहीत गं ते."

"मग शेपट्या कुठं विसरून आले?" बाबांनी खोक्यात डोकावत विचारलं.

भिंगरीचे बाबा काचसामानाच्या गोदामात पॅकर आहेत. कप, बरण्या, आरसे खोक्यांत भरायचे, वरून ठोकून बंद करायचे. त्या कामाने त्यांचा हात असा झालाय की घरी स्टीलचा पेलासुद्धा ते फुटेल म्हणून जपून ठेवतात. सुरुवातीला ते आमच्यापासून चार हात लांबच असायचे. भिंगरी दूध तापवताना, केस विंचरताना, चपला शोधताना एकच पाठ घ्यायची. या घरात कुणी यांना उंदीर म्हणायचं नाही. यांची जात वेगळी, खाणं वेगळं, स्वभाव वेगळा.

बाबा तिला चिडवायला मुद्दाम विचारायचे, "तुझे ते हे जेवले का? काय म्हणायचं नाही ते?"

पण हळूहळू पाठ त्यांच्या अंगवळणी पडला. गोदामातल्या मोडक्या खोक्यांच्या पट्ट्या आणून त्यांनी आम्हाला ऐसपैस घर बांधून दिलं, एकही खिळा वर येऊ न देता. त्यांच्या पिशवीचा आवाज जिन्यात आला की आम्ही दोघी कुईक कुईक करून घर डोक्यावर घ्यायचो आणि ते दारातूनच म्हणायचे, "आलो गं बायांनो." शेजारचे काका आम्हाला बघायला आले तेव्हा तर बाबाच त्यांना समजावत होते, "उंदीर नव्हेत हो, वेगळी जात आहे." भिंगरी कौतुकाने बघत राहिली. मीही फुशारले. त्या वाक्याने पुढे काय करून ठेवलं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग गवत मिळेनासं झालं.

आधी पाकीट लहान झालं, मग त्यात काड्या कमी आणि चुरा जास्त यायला लागला. शेवटी भिंगरी रिकाम्या हाताने आली.

"नाहीच म्हणतोय तो दुकानदार," ती आईला सांगत होती. "वरच्या भागात पाऊसच झाला नाही. जे गवत होतं ते गोठेवाल्यांनी उचललं. आधी गाई-म्हशी, मग बाकीचे, म्हणे."

"त्याचं तरी काय चुकलं?" आई म्हणाली. "दूध देणाऱ्याचं पोट आधी भरणार."

आम्ही दूध देत नाही. अंडी देत नाही, राखण करत नाही, ओझं वाहत नाही. टंचाईच्या दिवसांत असा हिशोब सुरू झाला की आमच्यासारख्यांचा नंबर कुठे लागतो ते विचारू नका.

घरातल्यांनी हात झटकले असं मात्र नाही. भिंगरी उरलेल्या पाकिटातली मूठ मूठ पुरवून द्यायची. आई कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला बाजूला काढायची. तिने एकदा मायेने कोबीची पानं भरभरून घातली आणि सायचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. भिंगरीने तिला मांडीवर घेऊन पोट चोळलं आणि आई अपराध्यासारखी पदराशी चाळा करत उभी राहिली. बाबा पुठ्ठ्याचे तुकडे आणायचे. आम्ही ते कुरतडायचो, काहीतरी कुरतडल्याचं समाधान म्हणून. दुकानातले दाबून केलेले दाणेही होते, पण ते दोनदा चावले की संपले. दात झिजायला काडी लागते, लांब, कडक, दिवसभर पुरणारी.

माझे दात आधी वाढले. घास तोंडात घ्यायचे आणि तो ओला होऊन खाली पडायचा. हनुवटी सतत ओली. भिंगरीच्या ते लक्षात आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांनी गोदामातून सुट्टी घेतली आणि आम्ही सगळे जनावरांच्या दवाखान्यात गेलो. खोकं बाबांच्या मांडीवर होतं. रस्त्यात खड्डा आला की ते दोन्ही हातांनी खोकं उचलून धरायचे, आत आरसा असल्यासारखं.

डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उघडून बॅटरीने आत बघितलं.

"दाढा आतल्या बाजूला वाढल्यात. जीभ अडकतेय त्यात. वाळलं गवत देत नाही का?"

"मिळतच नाहीये, डॉक्टर," भिंगरी म्हणाली.

"मग कुठूनही मिळवा. हिरवं मिळालं तर स्वच्छ जागचं कापून उन्हात वाळवा. मी आता दाढा घासून देते. काही दिवस जबडा दुखेल, तोवर पातळ भरवा. पण गवत नसेल तर पुन्हा हेच होणार. आणि मग त्या पांढरीचंही."

बाबांनी मान हलवली. येताना ते गाडीतून सारखे बाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन उघडी पडलेली. जिथे चार पाती होती तिथे धूळ आणि काळा धूर बसलेला. काहीतरी त्यांच्या मनात घोळतंय हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ते घरी आले. भिंगरी कामावर होती, आई बाजारात. त्यांच्या खांद्यावर पोतं होतं. पोतं वाजलं आणि आम्ही जीव तोडून ओरडलो.

"आलो गं, आलो. बघा काय आणलंय," ते म्हणाले. "तिला सांगायचं नाही हं आत्ता. आल्यावर बघू दे."

त्यांनी पोतं उघडलं. पिवळ्याधमक, लांब लांब काड्या. त्यांनी त्या बाल्कनीत नेऊन झटकल्या, पुन्हा झटकल्या, आणि ओंजळ भरभरून आमच्या पुढ्यात टाकल्या. साय त्यात शिरलीच. नाक, डोळे, कान, सगळं काड्यांत. तिचं ते कटकट चावणं ऐकून बाबा जमिनीवर मांडी घालून बसले. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मीही एक काडी उचलली. जबड्यातून कळ गेली. मी काडी टाकून दिली.

"तू का नाही खात गं?" बाबा काकुळतीला आले. "बघ, बहीण कशी शहाण्यासारखी खातेय."

त्यांनी काडी माझ्या ओठांशी धरली. मी तोंड फिरवलं. माझ्या काळजीने त्यांचा चेहरा उतरला. सायसाठी त्यांनी आणखी एक ओंजळ घातली.

संध्याकाळपर्यंत साय कोपऱ्यात जाऊन बसली. पाठ वर काढून, केस फुलवून. मी तिच्या कानाशी नाक लावलं तर कान गार. भिंगरी आली तेव्हा साय आडवी झाली होती आणि तिच्या नाकाशी लाल थेंब होता. भिंगरीने तिला उचललं आणि दवाखान्यात जायला चप्पल घातली. जिना उतरून होईपर्यंत साय गेली होती. भिंगरी तशीच परत वर आली.

तिने सायला टॉवेलवर ठेवलं. मग खाली बसून काड्या हातात घेतल्या, नाकाजवळ नेल्या.

"बाबा, हे कुठलं?"

"गोदामातलं. खोक्यांत भरायचं. आम्ही त्याला गवतच म्हणतो."

"हा पेंढा आहे. याच्यावर काय मारलंय?"

"पावडर मारतात थोडी. ढिगात घरं करू नयेत म्हणून. मी चांगलं झटकलं होतं गं."

"कुणी घरं करू नयेत?"

बाबांनी टॉवेलवरच्या सायकडे बघितलं. मग ते म्हणाले, "उंदरांनी."

आईने गॅस बंद केला.

"मला वाटलं," बाबा म्हणाले, "हे काही उंदीर नाहीत. तूच सांगायचीस ना."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. धडा पाठ करूनही नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखे ते भिंगरीकडे बघत होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पोत्यात काड्या भरत राहिली, जमिनीवरची एकेक वेचून.

मला त्यांचा राग आला का? आला. ज्या हातातल्या पिशवीच्या आवाजावर आम्ही नाचायचो त्याच हाताने हे केलं. पण तोच हात ते मलाही आग्रहाने, मायेने भरवत होता, हेही मी विसरू शकत नाही. दुखऱ्या जबड्याने मला वाचवलं. यात माझी काहीच हुशारी नाही.

साय गेल्यापासून मी ओरडत नाही. आम्ही कळपाची जनावरं. एकटीने ओरडून कुणाला बोलवायचं?

बाबा आता सुट्टीच्या दिवशी विळा घेऊन सायकलवर कुठेतरी लांब, ओढ्याकाठी जातात. जे हिरवं मिळेल ते कापून आणतात, गच्चीवर जुन्या चादरीवर पसरतात, दिवसातून अनेकदा उलटंपालटं करतात, जरा कुबट वास आला तरी फेकून देतात. आणि मला द्यायच्या आधी प्रत्येक मुठीतली एक काडी स्वतः चावून गिळतात. आई म्हणाली, "अहो, पोट बिघडेल." त्यांनी ऐकलं नाही. इतकं चांगलं गवत मी दुकानातही बघितलं नव्हतं.

पण ते उशिरा आलं. माझ्या दाढा पुन्हा वाढल्यात, आणि आता जबडाच वाकडा झालाय. घासून उपयोग नाही, थोडेच दिवस आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला बाजूला घेऊन सांगितलं. भिंगरीने ते घरी कुणाला सांगितलेलं नाही. ती मला दाणे भिजवून पातळ करून सुई नसलेल्या सिरिंजने भरवते.

बाबा कामावरून आले की आधी माझ्यापाशी बसतात. काडी चावून बघतात, दुसरी माझ्यापुढे धरतात. मी ती घेते. चावता येत नाही, म्हणून नुसती दातांत धरून बसते, आणि ते डोळे भरून बघत राहतात. ते हातपाय धुवायला उठले की काडी खाली पडते. भिंगरी ती गुपचूप उचलते.

"खाल्लं का गं तिने?" ते आतून विचारतात.

"खाल्लं, बाबा," ती म्हणते.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. मी गेल्यावर ते कधी तुम्हाला भेटले आणि माझा विषय निघाला, तर तुम्हीही तेच सांगा.