दुय्यम आवाज

“कान तपासणार आहात, की मला इथेच पुरणार आहात?” पेटीच्या दारात पाय रोवून म्हाताऱ्याने विचारलं.

“बाबा, बसा गुपचूप,” त्याची सून त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. मग कानवाल्यांकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, “घसा बसलाय बघा माझा. मी घरात यांना काही विचारलं की समोरच्या इमारतीतले लोक उत्तर देतात.”

कानवाले हसले आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून त्यांनी आत नेलं. ती काही खरोखरची पेटी नव्हती. एक माणूस आणि एक खुर्ची मावेल एवढी खोली, पण इस्पितळात सगळे तिला पेटीच म्हणत. भिंतींना जाड स्पंज, दाराला दुहेरी झडपा, एका बाजूला काच. दार लागलं की बाहेरचं जग संपायचं. नवीन माणूस आत बसला की दोन मिनिटांत अस्वस्थ व्हायचा, कारण त्याला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यायचं. खुर्चीचं तोंड भिंतीकडे असे. तपासणाऱ्याचा चेहरा रुग्णाला दिसता कामा नये, हा तिथला पहिला नियम.

कानवाल्यांनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि समोर पाटी धरली : ‘आवाज आला की बटण दाबा.’ म्हाताऱ्याने मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी दार लावलं आणि काचेपलीकडे आपल्या टेबलाशी बसले.

छत्तीस वर्षं ते हेच करत होते. सगळे त्यांना कानवालेच म्हणत; खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं.

बटणाची तपासणी लवकर उरकली, कारण म्हाताऱ्याने बटण जवळजवळ दाबलंच नाही. उजवा कान संपलेला. डाव्यात ओरडलं तर पोचेल इतपत. कानवाल्यांनी आलेख काढला. रेघ कागदाच्या तळाशी जाऊन पडली.

“शब्दांची घ्यायची आता?” शेजारच्या टेबलावर फॉर्म भरत बसलेली सिस्टर म्हणाली. “कशाला त्रास देताय आजोबांना?”

“नियम आहे.”

“नियम आहे की तुम्हाला ऐकायचंय?”

कानवाल्यांनी आलेख बाजूला ठेवला. सिस्टर जिभेने तिखट होती, पण घरी एकटं खाणाऱ्या माणसासाठी तिचा डबा रोज थोडा जास्त भरलेला असे. म्हणून तिचं चालून जायचं.

शब्दांच्या तपासणीत हेडफोनमधून एकेक शब्द येतो आणि रुग्णाने तो मागून म्हणायचा असतो. दार. सुई. पायरी. कंदील. असे पन्नास शब्द, पंचवीस-पंचवीसच्या दोन फेऱ्या. ते सगळे कानवाल्यांच्या बायकोच्या आवाजात होते. बावीस वर्षांपूर्वी विभागाला स्वच्छ आवाज हवा होता आणि ती बालवर्गाची शिक्षिका होती. एका दुपारी त्यांनी तिला याच पेटीत बसवलं आणि टेप फिरवली. प्रत्येक शब्दाआधी ती श्वास घ्यायची, बारीकसा. तेव्हाच्या इंजिनियरने सांगितलं होतं की श्वास काढून टाका. ते यांनी राहू दिले. पण शेवटी, यादी संपल्यावर, ती एक वाक्य बोलली होती : “झालं का हो? घसा सुकला.” ते मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी कापून काढलं. बोटभर फीत कचऱ्याच्या डब्यात गेली. यादीत नव्हतं ना ते.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मग त्या बोटभर फितीसाठी त्यांनी घरातले जुने डबे, पाकिटं, पेट्या सगळं उपसून पाहिलं, आपण ती टाकली होती हे पक्कं माहीत असून.

यादी सुरक्षित होती. नव्या मशीनमध्ये होती, त्यांच्या फोनमध्ये होती, सिस्टरच्या फोनमध्येही होती. धोका दुसरीकडे होता. गेल्या वर्षभरात कानवाल्यांच्या आयुष्यातून बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी चमचा पडल्याचा. मग दूध उतू गेल्याचा. मग तिच्या तोंडचे स आणि श. ते दर महिन्याला आवाजाची गुंडी थोडी पुढे सरकवत आणि तिचा आवाज दर महिन्याला थोडा मागे सरकत होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं; समोरच्याचे ओठ वाचून ते भागवत. तपासणाऱ्यांचीही दरवर्षी तपासणी व्हायची, पण आपला फॉर्म ते आपणच भरत. सध्या गुंडी जवळजवळ शेवटाला होती. तिच्यापुढे जागा नव्हती.

त्यांनी यादी चालू केली. नवं मशीन दर वेळी शब्द पत्त्यांसारखे पिसून देई, त्यामुळे पुढचा कुठला ते त्यांनाही माहीत नसे.

“पायरी,” त्यांच्या स्पीकरवर ती म्हणाली.

“पायरी,” पेटीतल्या माइकवरून म्हातारा म्हणाला.

“लोटा.”

“लोटा.”

पंचवीसपैकी पंचवीस.

“बघा, चांगलं ऐकू येतंय की आजोबांना,” सिस्टर म्हणाली. “सुनेशी बोलायचं नाही म्हणून सोंग काढलंय. शहाणे आहेत.”

कानवाल्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते मशीनकडे पाहत होते. हेडफोनचा खटका बंद होता. बटणाची तपासणी झाल्यावर खटका शब्दांकडे वळवायचा असतो, तो वळवायचा त्यांच्या हातून राहिला होता. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ती फक्त बाहेर, त्यांच्या स्पीकरवर बोलत होती. पेटीत काहीही जात नव्हतं.

त्यांनी उठून दार तपासलं. घट्ट होतं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

खटक्याला हात न लावता त्यांनी दुसरी फेरी सुरू केली आणि या वेळी नीट कान दिला. म्हातारा मागून म्हणतच नव्हता. तो तिच्याबरोबर म्हणत होता. तिचा श्वास, त्याचा श्वास, आणि मग एकच शब्द. विहीर. झाकण. सुई. सुई म्हणताना तर त्यांना स पुन्हा ऐकू आला, किती महिन्यांनी, आणि तो कोणाच्या तोंडचा ते कळेना.

यादी संपली. स्पीकरमध्ये नुसती खरखर राहिली.

पेटीत म्हाताऱ्याने आणखी एक बारीक श्वास घेतला.

“झालं का हो?” तो म्हणाला. “घसा सुकला.”

सिस्टर हातातला फॉर्म ठेवून पाणी आणायला उठली. कानवाले बसूनच राहिले. दारही शेवटी तिनेच उघडलं.

म्हातारा बाहेर येऊन पाणी प्यायला. कानवाल्यांनी सुनेला विचारलं, “हे काय करायचे? काम काय होतं यांचं?”

“गायचे. हे आणि यांचे थोरले भाऊ. सुफी कवनं. लोक रडायचे म्हणे ऐकून. मी लग्न होऊन आले तेव्हा थोरले होते अजून. थोरले पुढे गायचे आणि हे त्यांच्या आवाजाखाली. सगळे यांना दुय्यमच म्हणायचे. अजून म्हणतात.”

“यांना विचारा, शब्द कसे ओळखले.”

सुनेने कानाशी ओरडून विचारलं. दुय्यमने कानवाल्यांकडे नीट पाहिलं, गिऱ्हाईक ओळखीचं निघावं तसं.

“ओळखायचे कशाला? दुय्यमने शब्दाची वाट बघितली तर तो मागे पडतो. पुढच्याचा श्वास धरायचा. तो आत घेतो तेव्हा आपण घ्यायचा. मग येतो तो शब्द एकच असतो.”

“पण आवाज बंद होता,” कानवाले म्हणाले. ते मोठ्याने बोलले नव्हते. तरी दुय्यमने उत्तर दिलं.

“असेल. बाईंचा श्वास चांगला आहे. धरता येतो.”

“कोणत्या बाई?” सून म्हणाली. “बाबा, आत कोणी नव्हतं.”

“त्यांना विचार,” दुय्यमने हनुवटीने कानवाल्यांकडे दाखवलं. “तेही म्हणतात बाईंबरोबर. फक्त एक घोट मागे पडतात. ऐकत बसतात ना.”

सिस्टर पटकन म्हणाली, “काका, ते खरंय. यादी चालू असली की तुमचे ओठ हलतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

कानवाल्यांचा हात नकळत ओठांकडे गेला.

“आमच्या सगळ्या कवनांत एकच गोष्ट आहे,” दुय्यम सांगू लागला. सून “झालं सुरू,” म्हणून बाकावर टेकली. “त्याचं नाव घेत राहायचं. घेता घेता घेणारा सरतो आणि नाव तेवढं राहतं. मी हे चाळीस वर्षं गायलो आणि मला ओ का ठो कळलं नव्हतं. सूर लागायचा, लोक खुश व्हायचे, आम्ही घरी जायचो. मग कान गेले. भाऊ शेजारी गायचा आणि मला ऐकू यायचं नाही. मी घाबरलो. ऐकायची धडपड केली की हमखास चुकायचो. एके दिवशी धडपड सोडली. त्या दिवशी मध्येच मला कळेना, माझा गळा कुठला आणि त्याचा कुठला. आणि आम्ही दोघं ज्याला हाक मारत होतो तो बाहेर कुठे उभा आहे, असंही वाटेना.”

“आणि भाऊ गेल्यावर?” कानवाल्यांनी विचारलं.

“गेल्यावरही गायलो वर्षभर. एकटा बसायचो. लोकांनी येणं बंद केलं. म्हणायचे, दोन आवाज येतात.”

“म्हणजे मरणासारखंच काहीतरी ते,” कानवाले म्हणाले.

“मरणाचं काय घेऊन बसलात? ते कोणालाही जमतं.” दुय्यम उठला आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. “चल. मशीन नको मला. कानात काही घातलं की वेगळेपण वाढतं.”

जाता जाता सुनेने हळूच विचारलं, “कागदावर काय लिहिणार तुम्ही?”

कानवाल्यांनी लिहिलं : दोन्ही तपासण्यांचे निकाल जुळत नाहीत. सोंग करणाऱ्यांसाठी ठेवलेलं वाक्य होतं ते. दुसरं कुठलं वाक्य त्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं.

दुपारचे रुग्ण संपले. खिडकीतून उन्हाची पट्टी टेबलावर आली होती. सिस्टरने एक कोरा फॉर्म काढला आणि त्यावर कानवाल्यांचं हजेरीतलं नाव लिहिलं.

“हे काय?”

“तुमची वार्षिक तपासणी. या वर्षी मी घेणार.”

“माझं मी भरतो.”

“काका, परवा मी तुमच्या मागे उभी राहून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा तुम्हाला हात लावला तेव्हा तुम्ही दचकलात. मी साहेबांकडे गेले नाही. पण उद्या तुमच्या हातून कोणाचा तरी कागद चुकेल.”

कानवाल्यांनी फॉर्मवरचं नाव एकदा वाचलं. मग म्हणाले, “खटका वळवायला विसरू नकोस.” आणि पेटीत जाऊन बसले.

छत्तीस वर्षांत त्या खुर्चीवर ते कधी बसले नव्हते. दार लागलं. रक्ताचा आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी बटण हातात धरलं आणि बराच वेळ वाट पाहिली. चार वेळा दाबलं. त्यातला एक आवाज तर आपल्याच मनाचा, हे त्यांना कळत होतं. आपला आलेख ते न बघता सांगू शकले असते.

मग शब्द सुरू झाले असावेत. त्यांनी जीव कानात आणला. काही नाही. ती इथे, याच खुर्चीवर, काचेकडे तोंड करून बसली होती, ओढणीच्या टोकाशी चाळा करत, आणि ते काचेपलीकडून तिला हाताने खूण करत होते. आता ती काचेच्या पलीकडेही नव्हती. त्यांनी कपाळाला आठ्या घालून ऐकायचा प्रयत्न केला आणि जितका केला तितकी ती लांब गेली.

थकून त्यांनी खांदे सोडले. ऐकायचं सोडून दिलं.

तेव्हा त्यांच्या छातीने आपणहून एक बारीक श्वास घेतला, त्यांच्या नेहमीच्या श्वासापेक्षा आखूड. तोंडातून शब्द गेला : झाकण. पुन्हा श्वास. पायरी. ते आठवत नव्हते, शोधतही नव्हते. कंदील. सुई. स ओठांवर गार लागला. किती झाले ते त्यांनी मोजलं नाही. एका क्षणी हेही कळेना की आपण कोणाच्या मागून म्हणतोय, की कोणीतरी आपल्या मागून.

मग श्वास थांबला. यादी संपली होती.

पुढे काय आहे ते त्यांना माहीत होतं. वाक्य घशाशी येऊन उभं होतं. पण ते तिचं होतं आणि एकदा त्यांनीच ते कापून टाकलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि भिंतीकडे पाहत बसले.

दाराच्या दोन्ही झडपा उघडल्या. सिस्टर आत आली. तिच्या एका हातात फॉर्म होता. वर, तळाला पडलेली रेघ. खाली, पन्नासपैकी पन्नास. शेऱ्याची जागा तिने मोकळी सोडली होती. दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास होता.

“पाणी?” कानवाल्यांनी तिच्या ओठांकडे बघत विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना आत्ता,” सिस्टर म्हणाली. “स्पीकरवर आलं. घसा सुकला म्हणून.”

कानवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर थोडे एका बाजूला सरकून बसले, ग्लास दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश, तळापर्यंत, पाणी प्यायले.