आग्रिलिदाचा रद्द शिक्का

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. आज तुम्हांला माझ्या भीतीची गोष्ट सांगतो. देवाला साक्षी ठेवून, जशी घडली तशी.

मी एक जुना शिक्का आहे. ग्रीसच्या समुद्रातल्या आग्रिलिदा या चिमुकल्या बेटाच्या ग्रामपंचायतीचा. अंग पितळेचं, मूठ ऑलिव्हच्या लाकडाची. जन्म, लग्न, मृत्यू, बेटावरच्या प्रत्येक कागदावर मी चाळीस वर्षं उमटलो. सरपंच मिकेसकाका मला उचलण्याआधी छातीवर क्रूसाची खूण करत. मग मलाही वाटे, आपण देवाच्याच कामाला लागलोय.

एके दिवशी हुकूम आला. लहान पंचायती बंद, सगळी बेटं मोठ्या बेटाच्या नगरपालिकेत सामील. जुने शिक्के जमा करा, छिन्नीने त्यांची तोंडं फोडा. मी गारठलो! काकांनी मला चर्चमध्ये संत निकोलसच्या तसबिरीमागे लपवलं आणि "समुद्रात पडला" असं कळवून टाकलं. नगरपालिकेने त्यांनाच गावचा प्रतिनिधी नेमून नवा शिक्का धाडला. रागाने त्यांनी ते पुडकंसुद्धा फोडलं नाही.

तसबिरीमागे कुणाचं पाऊल वाजलं, की माझा जीव उडे. रविवारी पाद्रीबुवा स्तोत्रं गाऊ लागले, की तेवढाच धीर.

पुढच्या जानेवारीत वारा पिसाळला आणि बोटींना बंदी झाली. त्यातच गावातल्या गरोदर थेमेलिनाला अवेळी कळा सुरू झाल्या. बेटावर डॉक्टर नाही. बंदीत बोट सोडायची तर गावाच्या शिक्क्याचा कागद हवा. काका धावत आले आणि त्यांनी मलाच उचललं. नको हो काका, नको! पण शिक्क्याला आवाज कुठला?

धक्क्यावर कप्तान साकेल्लारिसने कागद पाहिला. "काका, ही पंचायत मरून वर्ष झालं! या कागदावर मी दोर सोडला तर बंदरवाले मला आत टाकतील."

"चाळीस वर्षं चालला हा!"

थेमेलिनाची सासू सेवास्ती कडाडली, "मिकेस, तुझा रुसवा निघेस्तोवर बाळाला पोटात थांब म्हणून सांगू का रे? गाढवा!"

मित्रांनो, तेव्हा मला छिन्नीचं भय उरलं नाही. माझ्या स्पर्शाने एक बाळ मरेल, हे भय त्याहून काळं होतं.

काका घराकडे पळाले, पुडकं फाडलं, नवा शिक्का उमटवला. थेमेलिनाला घेऊन बोट लाटांत दिसेनाशी झाली. सगळे धक्क्यावर गुडघे टेकून बसले. मी काकांच्या मुठीत होतो. दुपारी मोठ्या बेटावरून फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

वारा पडल्यावर काका मला घेऊन नगरपालिकेत गेले. "समुद्रात पडला नव्हता. मी खोटं बोललो," भर कचेरीत ते म्हणाले. मग छिन्नीही त्यांनीच मागितली. आधी मला ओठांना लावलं, मग घाव घातला.

आता माझं तोंड फुटलेलं आहे, आणि मी कचेरीतल्या एका खोक्यात पडून असतो. जुन्या वस्तू जपा, बाळांनो. पण माणसाच्या जिवापुढे त्यांना हातातून सोडायलाही शिका. आणि हात जोडाल तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका. चारचौघांत आपली चूक सांगणाऱ्या मिकेसकाकांची मात्र आठवण ठेवा.